पाण्याखालचा धातुशोधक आणि त्याची निगा

तीन वर्षांपूर्वी माघ वद्य तृतीयेच्या सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर आम्ही चौघेजण गुडघाभर पाण्यात उभे होतो. काठावर एक तरुण जोडपे उभे होते आणि त्यांच्यामागे मुलीच्या सासूबाई. आदल्या दिवशी लाटेच्या एका तडाख्यात त्या मुलीचे मंगळसूत्र तुटून पाण्यात गेले होते. लग्न मार्गशीर्षातले; म्हणजे पुरते तीन महिनेही झाले नव्हते. सासूबाई काहीच बोलत नव्हत्या, आणि तेच सर्वांस जड जात होते.

आमच्या हातात घरी जुळवलेला एक धातुशोधक होता. असले यंत्र आमच्याजवळ आहे ही बातमी गावात आधीच पसरली असल्यामुळे आम्हांस बोलावणे आले होते. वेळ उत्तम साधली होती. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन, त्यात सवासहा तास मिळवले की साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेच्या मागून येणारे उधाण असल्यामुळे पाणीही बरेच मागे हटले होते. यंत्र वीस मिनिटे झकास चालले. बाटलीचे एक झाकण निघाले, एक गंजलेला खिळा निघाला. मग ते कारण नसताना ओरडू लागले, ओरडतच राहिले, आणि शेवटी गप्प झाले. काठावर येऊन डबा उघडला तो आतून दोन चमचे खारे पाणी निघाले. झाकणाखालच्या रबरी कड्यावर काथ्याचा एक तंतू आडवा पडलेला होता. डबा गाडीत ज्या सुंभाने बांधला होता त्याचाच तो.

मंगळसूत्र सापडले नाही. नऊ वाजल्यापासून पाणी चढू लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेची वाळू हातभर सरकलेली होती.

आज जे सांगावयाचे ते या तंतूविषयी आहे. धातुशोधक कसा चालतो हे सांगणारे पुष्कळ आहेत. पण असले यंत्र पाण्यात टिकते कसे, आणि स्वस्तातले असले तर ते टिकवावे कसे, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. ते आम्ही नुकसान सोसून शिकलो.

तथापि यंत्राच्या पोटात काय चालते याची थोडी कल्पना असल्यावाचून पुढचे बोलणे समजणार नाही. विजेच्या साह्याने शरीरातील किंवा जमिनीतील धातू हुडकण्याची कल्पना जुनी आहे. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा ती शरीरात कोठे अडकली आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक उपकरण तयार करून नेले होते. गोळी सापडली नाही. अध्यक्षांच्या बिछान्याखाली पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यामुळे उपकरण फसले, असे कारण सांगतात. शिवाय डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या उजव्या बाजूचा, आणि गोळी होती डावीकडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा अधिकारी युझेफ कोसात्स्की याने पायी चालत वापरता येईल असा सुरुंगशोधक तयार केला आणि 1942 च्या एल् अलामीनच्या लढाईत ब्रिटिश सैन्याने तो वापरला. आज समुद्रकाठी कोणी हौशी माणूस कानाला यंत्र लावून फिरताना दिसतो, त्याच्या हातातले यंत्र हे या सुरुंगशोधकाचेच वंशज होय.

पाण्यात जी जात उपयोगी पडते तिला आम्ही ठोक्याचा शोधक म्हणतो. तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. त्यात विजेचा एक छोटा ठोका सोडतात आणि झटकन तोडतात. असे सेकंदाला शेकडो ठोके. ठोका तुटला की वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि ते कोसळताना जवळच्या धातूमध्ये भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. हे प्रवाह हळूहळू विझतात, आणि विझताना वेटोळ्यास आपली चाहूल देतात. देवळातल्या घंटेला टोला देऊन हात काढला तरी ती घुमत राहते. मातीच्या मडक्यावर टिचकी मारली तर आवाज तेथेच संपतो. समुद्राचे पाणी हे मडके आहे. लिटरामागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असल्यामुळे त्यातही प्रवाह उठतात, पण ते काही मायक्रोसेकंदांत विझतात. म्हणून यंत्र ठोक्यानंतर दहा-पंधरा मायक्रोसेकंद कान झाकून घेते आणि मग ऐकू लागते. तोवर पाणी गप्प झालेले असते आणि अंगठी अजून घुमत असते. लोखंडी नांगर तर कितीतरी अधिक वेळ घुमतो.

काही हजार रुपयांत मिळणारे कोरड्या जमिनीवरचे यंत्र बहुधा या जातीचे नसते. ते सतत प्रवाह सोडून सतत ऐकणारे असते, आणि ओल्या खाऱ्या वाळूला वेटोळे लागताच बोंब मारते. संवेदना कमी केली तर बोंब थांबते, पण त्याबरोबर अंगठीही ऐकू येईनाशी होते. विकत घेणाऱ्याने हे पाहून घ्यावे. दुसरे पाहण्यासारखे असे की दुकानदार ज्यास 'वॉटरप्रूफ' म्हणतो त्यात पुष्कळदा केवळ खालचे वेटोळेच तसे असते, वरचा डबा नसतो. खोक्यावर आयपी 67 असे छापलेले असल्यास त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच. आणि ती परीक्षा स्वच्छ, संथ, गोड्या पाण्यात झालेली असते, वाळू घुसळणाऱ्या लाटेत नव्हे.

येथे कोणी म्हणेल की लोहचुंबक दोरीला बांधून का फिरवू नये? नाशिकला किंवा पंढरपूरला नदीच्या पात्रात पैसे वेचणारी मुले तसेच करतात. त्यांचे बरोबर आहे, कारण आजचा रुपया पोलादाचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. सोने, चांदी, तांबे, पितळ यांपैकी काहीही चिकटत नाही.

आता डब्याकडे वळू. पाणी आत का शिरते याचे उत्तर सोपे आहे, असे आम्हांस वाटत असे. बाहेर दाब आहे, आत नाही, म्हणून. दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा जादा दाब पडतो. आमच्या डब्याचे झाकण दहा सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे अठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. तेवढ्या खोलीवर त्या झाकणावर एक धडधाकट माणूस उभा राहिल्याइतका भार येईल. परंतु आम्ही कमरेएवढ्या पाण्यात फिरणारे. एक मीटरवर हाच भार आठ किलो भरतो, आणि आठ किलोला पीव्हीसीचे झाकण भीक घालत नाही. उलट हा दाब झाकणास कड्यावर दाबून बसवतो, म्हणजे एका अर्थी आपला मित्रच. मग उथळ पाण्यातच डबे का गळतात?

याचे उत्तर उन्हात आहे. यंत्र वाळूवर तासभर पडले की आतली हवा पन्नास अंशांपर्यंत तापते. तसेच उचलून ते सव्वीस अंशांच्या पाण्यात बुडवले की हवा आकसते आणि आतला दाब शेकडा सात-साडेसातांनी उतरतो. हिशेब केला तर ही ओढ पाऊण मीटर पाण्याच्या दाबाइतकी होते. म्हणजे डबा घोटाभर पाण्यात असला तरी तो पाऊण मीटर खोल असल्यासारखे पाणी तोंडाने ओढून घेतो. आणि तंतूखालची बारीकशी वाट त्यास पुरते. तेव्हापासून आमचे यंत्र ओल्या पंचाखाली सावलीत असते, आणि काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे ते उथळ पाण्यात ठेवून मग पुन्हा एकदा झाकणाचा आटा तपासतो.

हवेचा दुसरा खोडसाळपणा असा की ती एकटी येत नाही, आपल्याबरोबर वाफ आणते. कोकणातल्या दमट सकाळी बंद केलेला डबा पाण्यात थंड झाला की आतल्या बाजूस दव धरते. बाहेरचा थेंबही आत न येता यंत्र ओले होते. डबा पंख्याखाली, कोरड्या खोलीत, शक्य तर दुपारी बंद करावा आणि आत सिलिका जेलची एक पुडी टाकावी. नव्या पादत्राणांच्या खोक्यात ही पुडी फुकट मिळते; पण ती बहुधा आधीच ओलावा पिऊन तृप्त झालेली असते, म्हणून मंद आचेवर तव्यात शेकून घ्यावी. पुडी कागदाची वा प्लॅस्टिकची असल्यास आतले दाणे काढून शेकावे, पुडीसकट नव्हे. हेही आम्ही एकदा जाळूनच शिकलो.

डबा म्हणजे नळकाम करणाऱ्यांकडे मिळणारा चार इंची पीव्हीसीचा तुकडा. एका तोंडाला टोपी कायमची चिकटवावयाची. प्लंबर ज्यास नुसते 'सोल्युशन' म्हणतात ते पीव्हीसीला वितळवून दोन तुकडे एकजीव करते, म्हणून हा सांधा आम्ही कधी गळलेला पाहिला नाही. दुसऱ्या तोंडाला आट्याचे झाकण आणि त्यात ओ-रिंग, म्हणजे गोल छेदाचे रबरी कडे. सगळी भिस्त या कड्यावर. ते खाचेत बसून आपल्या जाडीच्या पाचवा हिस्सा, फारतर चौथा हिस्सा, दाबले गेले पाहिजे. कमी दाबले तर वाट राहते. जास्त दाबले तर रबर चपटे होऊन आपला गोलपणा कायमचा गमावते. झाकण हाताने आवळावे. पाना लावून आवळणारा मनुष्य यंत्राचा शत्रू समजावा.

रबरावर ग्रीस लावतात ते गळती बुजवण्यासाठी, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो सपशेल चुकीचा आहे. ग्रीसचे काम रबरास खाचेत सहज सरकू देणे आणि कोरडे पडू न देणे, इतकेच. बोटावर घेऊन कडे बोटांमधून फिरवावे; ते चमकले की पुरे. लोण्यासारखे थापले तर त्यावर वाळू, केस, तंतू सगळे चिकटते, आणि मग ग्रीसच गळतीची वाट तयार करते. ग्रीस कोणते हेही पाहिले पाहिजे. कडे नेहमीच्या काळ्या नायट्राइल रबराचे असेल तर सिलिकॉन ग्रीस उत्तम. कडेच सिलिकॉनचे असेल तर मात्र तेच ग्रीस त्यास फुगवते. नैसर्गिक रबरास व्हॅसलीन लावू नये. ते मऊ होऊन सुजते.

झाकण लावण्यापूर्वी खाच, कडे आणि झाकणाची बसणारी कड या तिन्हींवरून बोट फिरवावे. डोळ्याला न दिसणारा वाळूचा कण बोटाला कळतो. आमच्यातील एक गृहस्थ पूर्वी घड्याळे दुरुस्त करीत; ते भिंग लावून पाहतात आणि आम्ही हसत असू. काथ्याच्या प्रकरणानंतर कोणी हसत नाही.

डब्याला भोके जितकी कमी तितके बरे. सुरू-बंद करण्याच्या बटनासाठी आम्ही भोक पाडलेच नाही. आतल्या बाजूस एक रीड स्विच बसवला आणि बाहेरून लोहचुंबकाचा तुकडा सरकवतो. चुंबक जवळ आला की आतली दोन पाती जुळतात. हा चुंबक मुठीपाशी, वेटोळ्यापासून दूर असावा. आवाजासाठीही भोक लागत नाही. शिटी वाजवणारी पिझोची चकती डब्याच्या भिंतीस आतून चिकटवली की भिंतच वाजते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे पंधराशे मीटर धावतो, हवेच्या चौपटीहून अधिक, त्यामुळे डोके पाण्याखाली असता तो स्पष्ट ऐकू येतो; मात्र कोणत्या दिशेने आला ते कानांना कळत नाही.

एक भोक मात्र टळत नाही, ते वेटोळ्याकडे जाणाऱ्या तारेचे. येथे आम्ही सर्वांत अधिक काळ फसलो. तंतूची गळती बंद केली, ग्लँड घट्ट आवळली, सांध्यावर अराल्डाइट फासले, तरी दर खेपेस तासाभराने डब्यात अर्धा चमचा पाणी सापडे आणि ते कोठून येते हे कळेना. शेवटी असे आढळले की पाणी तारेच्या बाहेरून येत नसून तारेच्या आतून येत होते! वेटोळ्याजवळ वेष्टणास एक बारीक चीर होती. वेष्टणाच्या आत बारीक तारांचा जुडगा. त्या तारांच्या फटींतून पाणी समईच्या वातीत तेल चढावे तसे सरळ वर चढत डब्यात येई. वात बाहेरून कितीही लिंपली तरी तिच्यातले तेल थांबत नाही. उपाय असा की डब्यात शिरण्याच्या जागी तारेचे वेष्टण दोन बोटे सोलावे, बारीक तारा फाकवाव्या, त्यांवर सोल्डर चढवून त्यांच्यामधल्या फटी भरून टाकाव्या, आणि तो उघडा भाग एपॉक्सीत पुरून टाकावा. आता तेथे वातच उरत नाही. या एका युक्तीसाठी आमचे दोन पावसाळे गेले.

चिकटवण्याच्या द्रव्यांविषयी एक सावधगिरी. खिडक्यांस लावतात त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटत असते, आणि बंद डब्यात ते तांब्यास खाते. वास न येणारे, न्यूट्रल म्हणून मिळते ते घ्यावे. एपॉक्सी एकदम जाड ओतू नये. दोन्ही द्रव्ये मिसळली की ती आपोआप तापतात, आणि जाड थर इतका तापतो की तडकतो. बोटाच्या पेराहून कमी थर ओतावा, निवू द्यावा, मग दुसरा.

वेटोळे आम्ही एकोणीस सेंटिमीटर व्यासाचे केले आहे. वार्निश चढवलेल्या वायंडिंगच्या तारेचे सव्वीस वेढे, म्हणजे जवळजवळ सोळा मीटर तार. प्लॅस्टिकच्या थाळीत ते ठेवून वरून एपॉक्सी ओतली. पाण्यात नेल्यावर थाळी तरंगू लागली, कारण ती जितके पाणी बाजूस सारीत होती त्याहून हलकी होती. शिसे किंवा लोखंड बांधून तिला बुडवणे म्हणजे शोधकाला स्वतःचाच शोध लावण्यास सांगणे होय. वाळू भरावी, पण रत्नागिरीच्या बाजूची काळी वाळू नव्हे. तीत इल्मेनाइट आणि लोहचुंबकास ओढणारे कण असतात. पांढरी वाळू गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, तीतून चुंबक फिरवून घ्यावी आणि एपॉक्सीत कालवावी. दांड्याला वरखाली भोके पाडली की त्यात पाणी शिरते आणि तो हातात हलका राहतो. तार दांड्याला घट्ट बांधावी. ती लोंबकळत राहिली तर तिच्याच हालचालीने यंत्र खोटे बोलते.

विजेचा घट हा या सर्वांतील धोक्याचा भाग आहे. बंद डब्यात खारे पाणी घटाच्या टोकांना लागले की पाण्याचे पृथक्करण होऊन हायड्रोजन सुटतो. लिथियमचा घट तापतो, फुगतो, पेट घेऊ शकतो. म्हणून पाणी शिरल्याचा संशय असलेला डबा तोंडासमोर धरून कधीही उघडू नये. तोंड दुसरीकडे करून, मोकळ्या हवेत, हळूहळू आटा सोडावा. घट भरावयाचा तो डब्याबाहेर काढूनच.

नव्या डब्याची परीक्षा यंत्रासह करू नये, हे सांगावयास नको. पण उतावळेपणापायी आम्ही स्वतःच एकदा तसे केले. रिकाम्या डब्यात टिपकागद घालावा, झाकण लावावे आणि डबा ऊन पाण्याच्या बादलीत बुडवावा. आतली हवा तापून फुगते, आणि जेथे वाट असेल तेथून बुडबुड्यांची माळ निघते. ही परीक्षा आतून बाहेरची झाली. बाहेरून आतली परीक्षा विहिरीत. डब्याला धोंडा बांधून रात्रभर तळाशी सोडावा आणि सकाळी टिपकागद पाहावा. कोरडा असला तरी आणखी एक रात्र सोडावा.

समुद्रातून आल्यावर खरी निगा सुरू होते. डबा न उघडता अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे आट्यांतले मीठ विरघळते. नळाच्या धारेखाली धरू नये. धार वाळूचा कण कड्याखाली ढकलते. मग पुसून, वाळवून, झाकण खालच्या बाजूस करून उघडावा, नाहीतर आट्यात अडकलेले चार थेंब आत पडतात आणि डबा गळला असा भ्रम होतो. कडे काढताना सुई किंवा टाचणी वापरू नये, तिने खाचेवर ओरखडा उठतो. बोथट बांबूची काडी चालते. घरी ठेवताना झाकण सैल ठेवावे आणि कडे दर मोसमात नवे घालावे. दहा-वीस रुपयांच्या कड्यावर काटकसर करून यंत्र बुडवणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांत आम्हीही होतो.

इतके करूनही पाणी शिरलेच तर पहिली गोष्ट घट काढणे. दुसरी, ताबडतोब सर्व भाग गोड्या पाण्याने धुणे. ओले झालेले यंत्र आणखी ओले करण्यास धीर होत नाही हे खरे, परंतु यंत्राचा नाश करते ते मीठ. पाणी उडून गेले तरी मीठ मागे राहते, हवेतली दमट ओढून घेते, आणि महिन्याभरात तांब्यावर हिरवा गंज चढतो. बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने शेवटचा हात द्यावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग दोन दिवस सावलीत पंख्याखाली. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा हल्ली प्रघात पडला आहे. त्याने मीठ निघत नाही, आणि यंत्रात तांदळाचे पीठ मात्र शिरते.

आता पाण्यात जे सापडेल ते कोणाचे, हा प्रश्न. 1878 सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किंमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. दहा रुपयांचा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण कायदा हास्यास्पद नाही. संरक्षित किल्ले आणि त्यांचा परिसर 1958 च्या कायद्याखाली येतो. सिंधुदुर्गाच्या तटाखाली यंत्र घेऊन उकरणे हा गुन्हा होईल. मालवणचा काही समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेथे तळ उकरण्याचा विचारही करू नये. आम्ही फक्त कोणाची हरवलेली वस्तू त्याच्या सांगण्यावरून शोधतो, ती त्यालाच देतो, आणि खणलेला खड्डा बुजवतो. मालक नसलेली अंगठी सापडली तर ती पोलिस ठाण्यात जमा होते.

यंत्राकडून अपेक्षाही माफक ठेवावी. स्वस्तातला शोधक अंगठी वीतभर खोलीवर ओळखतो, फारतर थोडे अधिक. मंगळसूत्र तर त्याहून अवघड. काळ्या मण्यांची त्याला दाद नाही; सोन्याच्या तारेचे प्रत्येक गाठवण इतके लहान की त्यातला प्रवाह उठताच विझतो. दोन वाट्या काय त्या घुमतील. त्या सकाळी डबा गळला नसता तर मंगळसूत्र नक्की सापडले असते, असे आम्ही त्या कुटुंबास सांगू शकलो नाही; आणि गळल्यामुळेच गेले नाही, असेही सांगू शकलो नाही. हेच अधिक लागले.

पुढच्या वर्षी खाडीत एका होडीवाल्याचा नांगर दोर तुटून चिखलात गेला, तेव्हा पुन्हा बोलावणे आले. छातीभर गढूळ पाणी, हाताला काही दिसत नव्हते. तिसऱ्या फेरीत यंत्र असे ओरडले की पाण्याबाहेर उभ्या असलेल्या होडीवाल्यानेही ऐकले. त्याने पाय खुपसून चाचपले, दोर बांधला आणि चौघांनी मिळून नांगर ओढून काढला. त्याने आम्हांस सुरमई देऊ केली; ती आम्ही घेतली. घरी येऊन अर्धा तास डबा बादलीत ठेवला आणि मग उघडला. टिपकागद कोरडा होता.

दर माघात उधाणाची ओहोटी सकाळी आली की आम्ही त्याच जागी अर्धा तास फिरतो. सासूबाई भेटतात, चहाला बोलावतात. मंगळसूत्राचा विषय त्या काढीत नाहीत. यंत्र ठीक चालते ना, एवढेच विचारतात.